मागे राहिलेली लॉक फाईल

भाऊ उघड्या दारावरसुद्धा टकटक करायचे. दार सताड उघडं, आत बसलेली मी त्यांना समोर दिसतेय, मी "या ना भाऊ" म्हणतेय, तरी हे चौकटीवर दोनदा बोट वाजवणार आणि मगच पाऊल आत टाकणार. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ऑफिसात नवीन मुलगी आलीय म्हणून मर्यादा पाळताहेत. महिन्याभराने लक्षात आलं की ते रिकाम्या खोलीच्या दारावरही टकटक करतात. बाथरूमला बाहेरून कडी असली तरी आधी टकटक, मग कडी. एकदा मी न राहवून विचारलं, "भाऊ, कडी बाहेरून आहे. आत कोण असणार?"

"कुणीतरी चुकून लावली असंल," ते शांतपणे म्हणाले. "आतला माणूस कुणाला सांगंल मग?"

त्यानंतर कित्येक दिवस मला बाहेरून कडी लावलेल्या प्रत्येक दाराची काळजी वाटत राहिली. मी मूळचीच घाबरट. घरून निघताना गॅस बंद केला का हे बघायला बदलापूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोनदा चढणारी. पण माझी भीती स्वतःपुरती होती: माझा गॅस, माझं कुलूप, माझी नोकरी. भाऊंना भलत्यांचीच काळजी, आणि तीही अशा माणसांची जी बहुतेक वेळा तिथे नसायचीच.

ऑफिसच्या इमारतीखाली गाडी लावायच्या जागेत कुणीतरी एक फुटकी वीट ठेवली होती. म्हणजे ही जागा माझी, इथे लावू नका. भाऊ आपली स्कूटर दोन गल्ल्या पलीकडे, एका फर्निचरवाल्याच्या दारात लावून उन्हातून चालत यायचे. दोन वर्षं! विटेच्या जागी कधीच कुणाची गाडी मी पाहिली नाही. शेवटी मी म्हटलं, लाथ मारा त्या विटेला. भाऊंनी लाथ मारली नाही. चौकशी सुरू केली. वॉचमन, मग खालचा जीन्स शिवणारा, मग त्याच्या आधीचा भाडेकरू, असं करत करत विटेचा मालक सापडला. तो दुकान विकून कधीच पुण्याला गेला होता. भाऊंनी त्याला फोन केला. "साहेब, तुमची वीट हाय इथं. काढू का?" त्या माणसाला आधी काही समजेचना. मग तो इतका हसला की मला पलीकडच्या टेबलावर ऐकू आलं. भाऊंनी वीट उचलून जिन्याखाली ठेवली आणि त्या दिवसापासून स्कूटर तिथे लागली.

लोक त्यांना उंटावरचा शहाणा म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि ते फक्त मनातल्या मनात नाही.

आमचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर शिलाई मशीनचा खडखडाट. शेठ सिंधी, मनाने मोकळे, पण फोनची घंटा वाजली की त्यांचा रक्तदाब चढायचा. आम्ही पाच जण रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशा गावांतल्या छोट्या लॅब, जिथे एक डॉक्टर, एक टेक्निशियन आणि रक्त तपासायचं एकच मशीन असतं. मशीन आकडे पाठवायचं, आमचा प्रोग्रॅम ते आकडे नावांशी जुळवून रिपोर्ट तयार करायचा आणि पेशंटच्या फोनवर पाठवायचा.

भाऊ पालेगावचे. आयटीआय करून अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले, तिथे पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कुणी तयार होईना म्हणून ह्यांना बसवलं, आणि कारखाना बंद पडला तरी हे त्या खुर्चीवरून उठले नाहीत, असं ते स्वतःच सांगायचे. गावच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. भाऊंचा एक भाताचा पट्टा मात्र दोन इमारतींच्या मधोमध शिल्लक होता. "आमच्या शेताला आता लिफ्टवाले शेजारी," म्हणायचे. दरवर्षी कापणीला तीन दिवस रजा. शेठने कितीही डोकं आपटलं तरी तीन दिवस म्हणजे तीन दिवस.

आता ती फाईल. आमचा प्रोग्रॅम सुरू झाला की एका ठरलेल्या जागी एवढीशी फाईल ठेवायचा. तिला लॉक फाईल म्हणतात. तिच्यात फक्त एक नंबर, म्हणजे त्या चालू प्रोग्रॅमची ओळख. अर्थ एवढाच की मी आत आहे, काम चाललंय, दुसऱ्याने येऊ नये. काम संपवून बाहेर पडताना प्रोग्रॅम आपली फाईल स्वतः पुसून जातो. मध्येच कुणी त्याला दुसऱ्यांदा सुरू करायला गेलं तर फाईल दिसते आणि पडद्यावर येतं, "प्रोग्रॅम आधीच चालू आहे."

इतकं साधं. पण आमच्याकडे लाईट जाते. लाईट गेली की प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो आणि मेलेला माणूस काही आपल्या मागची आवराआवर करत नाही. फाईल तशीच राहते. लाईट आली, टेक्निशियनने प्रोग्रॅम उघडला की तो म्हणतो, "आधीच चालू आहे." आणि चालू तर काहीच नसतं. मग आमच्या ऑफिसात फोन. शुक्रवारी, दुरुस्तीसाठी लाईट जायच्या दिवशी, तर फोन खाली ठेवायची सोय नसायची.

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, ती फाईल उडवून टाका आणि पुन्हा चालू करा. भाऊ म्हणायचे, "आधी जिवंत आहे का बघ."

आणि ते बघायला लावायचे. टेक्निशियनला फोनवर चालू प्रोग्रॅमची यादी उघडायला सांगायचे, एकेक नंबर वाचून घ्यायचे, फाईलमधला नंबर त्यात आहे का ते तपासायचे. नसेल तर आत कुणी नाही. मग फाईल काढा. असेल तर हात लावायचा नाही, तो कशात अडकलाय ते शोधायचं. पंधरा मिनिटं, कधी वीस. पलीकडे पेशंटची रांग, टेक्निशियन रडकुंडीला आलेला, शेठ केबिनमधून ओरडताहेत, "अरे साईं, कस्टमर रो रहा है! काढून टाक ना फाईल!" आणि भाऊ फोनवर अगदी थंड, "हां, पुढचा नंबर वाच बाळा."

शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा आत कुणी नसायचं. म्हणूनच मला राग यायचा.

एकदा मी चिडून म्हटलं, "भाऊ, हा कचरा आहे. कचरा झाडायला कशाला इतकी विचारपूस?"

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या मावशीची गोष्ट सांगितली. बारवीकडच्या डोंगरात बायका लाकूड गोळा करायच्या. मोळी बांधून झाली आणि आणखी पुढे जायचं असलं तर मोळीवर एक दगड ठेवायचा. दगड ठेवलेली मोळी कुणी उचलत नाही, ती कुणाचीतरी आहे. एकदा एक मोळी वाटेवर दोन दिवस तशीच होती. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी पाहिली. कुणी हात लावला नाही, सगळे इमानदार. तिसऱ्या दिवशी भाऊंच्या आईच्या मनात आलं की मोळी आहे तर बाई कुठाय? ओहोळात उतरून पाहिलं तर सख्खी बहीण पाय मोडून पडली होती; सासरच्यांना वाटलं होतं, माहेरी गेली असेल. जिवंत होती. पण नंतर तो पाय कधी सरळ झाला नाही.

"चोरानं मोळी नेली असती तरी वाईट," भाऊ म्हणाले, "आणि आमी नुसती राखली तेबी वाईट. जाऊन बघायला पायजे, बाय. फाईल मागं राहिली म्हणजे काहीतरी झालंय."

मी मान डोलावली. गोष्ट मला आवडली, घरी आईलाही सांगितली. पण पुढच्या शुक्रवारी बावीस फोन आले आणि मावशीचा पाय मी साफ विसरले.

आज मी ठाण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे हे असलं कुणी फोनवर नंबर वाचत बसत नाही. प्रोग्रॅम स्वतःच बघतो की फाईल ठेवणारा जिवंत आहे का, नसेल तर फाईल काढतो आणि वहीत नोंद करावी तशी नोंद करतो की अमुक प्रोग्रॅम अमुक वाजता अर्धवट काम टाकून गेला. आमच्या जुन्या प्रोग्रॅमातही भाऊंनी नंतर तसंच केलं. करायला दोन दिवस लागले. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलंत, असं मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "माणसानं बघावं असं वाटायचं मला." आणि लगेच म्हणाले, "चुकलंच ते माझं." भाऊ आपली चूक अशी झटकन कबूल करायचे, म्हणून त्यांच्याशी नीट भांडताही यायचं नाही.

पण हे झालं नंतर. आधी कापणी आली.

भाऊ रजेवर गेले आणि सोमवारी सकाळीच फोन सुरू झाले. लाईट ये-जा करत होती. मी एकटी. शेठ दर दहा मिनिटांनी दारात, "बेटा, हो गया?" दुपारी मी एक छोटासा तुकडा लिहिला. बारा ओळी असतील. प्रोग्रॅम सुरू करताना लॉक फाईल दिसली आणि ती ठेवणाऱ्याने गेल्या दहा मिनिटांत काहीच काम केलेलं नसलं तर ती खुशाल उडवून टाक आणि पुढे जा. दहा मिनिटं कुठून आणली? मनातून. दहा मिनिटं कुठलाच प्रोग्रॅम गप्प बसत नाही, असं मला वाटलं. बदलापूरच्या एका लॅबचे फोन सगळ्यात जास्त यायचे, म्हणून आधी तिथेच तो बसवला. मंगळवारी तिकडून एकही फोन आला नाही. शेठने माझ्यासाठी खालून दाल-पक्वान मागवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लडकी ने दो साल का काम एक दिन में कर दिया!" मी लाजले, पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. भाऊ आल्यावर त्यांना काय काय ऐकवायचं ह्याची मी घरी जाताना तयारीसुद्धा केली.

बुधवारी दुपारी एक वाजता त्याच लॅबमधून टेक्निशियनचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "मॅडम, इथे एक आजोबा बसलेत. त्यांचा रिपोर्ट नाही आला. यादीत शेवटचं नाव. बाकी सगळ्यांचे गेले."

"सकाळी काही झालं होतं का?"

"नाही, काही नाही. मशीन स्वतःला धूत होतं, वेळ लागला. स्क्रीन हलत नव्हता, म्हणून मी प्रोग्रॅम परत उघडला. आधी नाही म्हणायचा ना, आता लगेच उघडतो."

मी जागेवरून उठले आणि परत बसले. मला सगळं एका क्षणात दिसलं आणि ते दिसू नये असं वाटत होतं. मशीन वीस मिनिटं स्वतःला धूत होतं. प्रोग्रॅम मेला नव्हता. तो गप्प बसून मशीनची वाट बघत होता, त्याचं कामच ते होतं. माझ्या बारा ओळींनी त्याची फाईल उडवली आणि दुसऱ्याला आत सोडलं. आता आत दोघं. मशीनने पहिल्या पेशंटचे आकडे पाठवले, ते जुन्याने घेतले आणि तो तिथेच अडकला. दुसऱ्या पेशंटचे आकडे नव्याने घेतले आणि यादीतल्या पहिल्या नावाला लावले. तिसऱ्याचे दुसऱ्याला. चौथ्याचे तिसऱ्याला. अकरा नावं होती. दहा जणांना दुसऱ्याच माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट गेला होता, खाली डॉक्टरांची छापील सही, आणि अकराव्याला काहीच नाही.

मी भाऊंना फोन लावला. तीन वेळा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला तेव्हा मागे विळ्यांचा आणि बायकांचा आवाज येत होता. मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "लॅबवर ये. मशीनला कुणी हात लावू नका म्हणून सांग."

मी पोचले तेव्हा ते आधीच तिथे होते. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, केसांत पेंढा. लॅबच्या उघड्या दारावर त्यांनी टकटक केली होती का, ते मला माहीत नाही. मशीनच्या पोटात त्याच्या स्वतःच्या क्रमाने सगळे आकडे साठलेले असतात. ते काढून त्यांनी कागदावर लिहिले आणि शेजारी नावं. कुणाला काय गेलं, खरं काय आहे.

तेवढ्यात शेठचा फोन. लॅबच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं होतं. सगळ्यांना नवीन रिपोर्ट पाठवून द्या, वर 'सुधारित' लिहा, विषय संपला.

"पाठवतो," भाऊ म्हणाले. "पण बघितला का नाय, ते कोण बघणार?"

त्यांनी यादीत तीन नावांना खूण केली. ह्या तिघांना चांगला रिपोर्ट गेला होता आणि खरा वाईट होता. "हे आज सापडले पायजेत. बाकीच्यांना सकाळी सांगू, नवे रिपोर्टबी तेवाच पाठवू. वाईट वाचून घाबरले असतील, पण घाबरून कुणी मरत नाय." मला ते पटलं. त्या क्षणी मला कुणीही काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

पहिला अंबरनाथ पूर्वेचा एक माणूस, डेंग्यूचा ताप, प्लेटलेट खूप खाली. फोन त्याच्या मुलाने उचलला. "रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून पप्पांना घरी आणलं." भाऊंनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं आणि तो रिक्षात बसेपर्यंत फोन ठेवू दिला नाही. दुसरी एक शिक्षिका, तिला जंतुसंसर्ग होता. तीही सापडली. तिसरी बारवी रस्त्याच्या आतल्या वाडीवरची, बावीस वर्षांची, आठवा महिना. रक्तातलं हिमोग्लोबिन पाच पूर्णांक दोन. तिला गेलेला रिपोर्ट अकरा पूर्णांक आठचा. वाडीवरच्या एका रिक्षावाल्याचा नंबर दिला होता, आणि तो फोन बंद होता.

मी पाच मिनिटांत अकरा वेळा तो नंबर लावला असेल. "बंद आहे" सांगणाऱ्या बाईचा आवाज मला अजूनही सहन होत नाही.

"बस," भाऊंनी स्कूटर काढली.

त्या रस्त्याने मी आधीही गेले होते, कॉलेजच्या सहलीला. त्या दिवशी मला त्यातलं काही ओळखीचं वाटलं नाही. मागे बसून मी हिशेब करत होते की सकाळी नऊला रिपोर्ट गेला, आता अडीच वाजले. आठवा महिना. पाच पूर्णांक दोन. ती पाण्याची कळशी उचलत असेल. कुणी तिला सांगितलं असेल, तुझं सगळं बरोबर आहे, कर काम. मी भाऊंच्या पाठीला म्हटलं, "भाऊ, तिला काही झालं तर?" त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "मला विचारू नको बाय. मला गाडी चालवू दे." त्यांचा आवाज कापत होता. भाऊ घाबरलेत हे कळल्यावर माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

वाडीचा फाटा नेमका कुठला ते माहीत नव्हतं. रस्त्याकडेला झाडाखाली दोन बायका बसल्या होत्या, त्यांना विचारायला थांबलो. म्हातारी उभी राहिली. दुसरी उठली नाही, बुंध्याला टेकून डोळे मिटून बसली होती. पोट वर आलेलं. मी नाव उच्चारलं तशी तिने डोळे उघडले.

"तुमी कोन?" म्हातारी म्हणाली.

"लॅबमधून आलो," भाऊ म्हणाले. "हिला दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता."

"मंग मी काय करतंय? दवाखान्यातच चालवलीय तिला. रिक्षावाल्यानं वाचून दावला कागद, म्हनला समदं बरा हाय, आन् भाड्यावर निंगून गेला. कागद बरा आन् माझी सून उभी ऱ्हाईना. पापनी बघ तिची, पांढरीफेक. कधीच्या बसलोय, एक गाडी थांबंना."

भाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. विटा वाहणारा एक टेम्पो करकचून ब्रेक दाबत थांबला आणि ड्रायव्हरने हिंदीत दोन शिव्या हासडल्या. भाऊंनी त्या ऐकून घेतल्या आणि सुनेला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. मी आणि सासू मागे विटांवर. भाऊ स्कूटरवरून टेम्पोच्या पुढे, उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत हॉर्न वाजवत. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला "जरा सरका" म्हटलं नव्हतं, तो हॉर्नवरून हात काढत नव्हता.

दवाखान्यात लगेच घेतलं. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा आकडा तोच. रक्ताची सोय झाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की आजची रात्र घरी काढली असती तर सांगता येत नव्हतं. पुढे महिन्याभराने तिला मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत, पण ते कळायला महिना लागला. त्या संध्याकाळी मी फक्त बाटलीतून पडणारे थेंब बघत होते.

बाहेर बाकावर सासू बसली होती. भाऊंनी तिला चहा आणून दिला, मला दिला, स्वतः घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग त्यांना."

"मी?"

"तूच."

मला वाटलं होतं की भाऊ सांगतील, आणि सांगताना 'आमच्याकडून' म्हणतील. त्या एका शब्दात मी मावले असते. मी बाकाच्या कडेला बसले. लॉक फाईल वगैरे काय सांगणार? म्हटलं, "आजी, तुम्हाला गेलेला कागद तुमच्या सुनेचा नव्हता. दुसऱ्या बाईचा होता. माझ्यामुळे अदलाबदल झाली. मला कामाची घाई झाली होती. चूक माझी आहे."

ती कप दोन्ही हातांनी धरून समोर बघत राहिली. मी शिवीची वाट बघत होते. शिवी आली असती तर बरं झालं असतं. भाऊ भिंतीला टेकून उभे होते.

कप खाली ठेवून ती म्हणाली, "मंग हिचा कागद कुनाला गेला?"

"एका मुलीला. बेलवलीची आहे. कॉलेजात जाते."

"तिला काय झालाय?"

"काही नाही. तिचं रक्त चांगलं आहे. तिला काहीच झालेलं नाही."

म्हातारीने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

"ती चांगली हाय, ह्ये तिला ठावं हाय का?"

भाऊ भिंतीपासून सरळ झाले. हातातला कप त्यांनी कुठेतरी ठेवायला पाहिला, जागा मिळेना, तसाच जमिनीवर ठेवला. खिशातून घडी केलेली यादी काढली आणि माझ्यासमोर धरली. लॅबमध्ये बसलेले आजोबा सोडून खूण न केलेली सात नावं होती. वरून चौथं तिचं.

मी नंबर लावला. पहिल्याच घंटेला कुणीतरी उचलला. मी अजून काही बोललेच नव्हते.

"लॅबचे डॉक्टर बोलताय का?" बाईचा आवाज होता, बसलेला, रडून रडून. "सकाळपासून फोन लावतेय हो लॅबला, कुणी उचलत नाही. इंटरनेटवर बघितलं मी सगळं. ब्लड कॅन्सर असेल का हो? तिला अजून सांगितलं नाहीये. आतल्या खोलीत अभ्यास करतेय. एकोणीस वर्षांची आहे हो ती. वाचेल ना?"

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू जात होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"सांग," ते म्हणाले. "लवकर सांग. लवकर."